युकाता आणि किमोनो: सरळ कापड अंगावर कसं बसवायचं

३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचा आणि १२ ते १३ मीटर लांबीचा एक तागा घ्यायचा. त्याचे आठ सरळ तुकडे करायचे: दोन बाह्या, खांद्यावरून पुढे-मागे अखंड जाणारे अंगाचे दोन पट्टे, पुढच्या काठांना जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या, एक गळपट्टी आणि तिच्यावर बसणारी दुसरी छोटी पट्टी. मग हातानं धावदोरा घालून हे सगळं जोडायचं. किमोनो म्हणजे एवढंच. त्यात कमरेला टक नाही, काखेला कळी नाही, खांद्यावर शिवण नाही. जास्तीचं कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. म्हणून पूर्ण किमोनो उसवून पुन्हा ताग्यासारखा जोडता येतो, धुता येतो, नव्यानं रंगवता येतो आणि वेगळ्या मापानं परत शिवता येतो. उसवून, जोडून धुण्याच्या या पद्धतीला ‘आराइहारी’ म्हणतात.

कापड असं सरळ ठेवलं की ते मापाला बसवण्याचं काम शिंप्याकडून नेसणाऱ्याकडे येतं. लांबी, घेर, गळा हे सगळं दर वेळी दोऱ्या आणि घड्या वापरून अंगावरच ठरतं. या कामाला जपानीत ‘कित्सुके’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत आपण किमोनो ‘घालणं’ म्हणतो, पण नऊवारी नेसणाऱ्या कुणालाही पटेल की इथे ‘नेसणं’ हेच खरं क्रियापद. पुढच्या पायऱ्या वाचताना एवढं लक्षात राहिलं तर प्रत्येक ओढ आणि प्रत्येक घडी कशासाठी आहे ते आपोआप कळेल.

कशापासून सुरुवात करावी

शिकायला युकाता घ्या. हा सुती, बिनअस्तराचा, उन्हाळी किमोनो. हेइआन काळात (८ वं ते १२ वं शतक) सरदार मंडळी बाष्पस्नानाच्या वेळी जो तागाचा ‘युकाताबिरा’ घालत, त्यातून हे नाव आलं. एदो काळात (१७ वं ते १९ वं शतक) सार्वजनिक स्नानगृहं वाढली, सुती कापड सर्वांच्या हाती आलं आणि न्हाणीघरातला हा कपडा रस्त्यावर आला. आज आतषबाजी, बोन सणातला बोन-ओदोरी नाच आणि उन्हाळी जत्रांना युकाताच नेसतात. मात्र लग्न, चहाचा औपचारिक समारंभ किंवा अंत्यविधी यांना तो चालत नाही, मग तो कितीही महाग असो.

किमोनोच्या जगात मान ठरतो तो ‘काकु’वर, म्हणजे दर्जावर, आणि दर्ज्याचा किमतीशी थेट संबंध नाही. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आमामी ओशिमा बेटावरचं ओशिमा त्सुमुगी हे रेशमी कापड किंवा युकी त्सुमुगी (हे विणकाम २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं) विणायला कित्येक महिने लागतात, किंमतही तशीच. तरी ते रोजच्या वापराचंच कापड मानलं जातं, कारण त्याचं सूत आधी रंगवून मग विणलेलं असतं. औपचारिक किमोनोत पांढरं रेशीम आधी विणतात आणि मग त्यावर रंगकाम करतात. क्योतोची युझेन रंगाई ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. १७ व्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या मियाझाकी युझेन या पंखे रंगवणाऱ्या चित्रकाराच्या नावावरून ती ओळखली जाते.

वरून खाली उतरत गेलं तर क्रम असा लागतो. विवाहित स्त्रीसाठी सर्वांत औपचारिक म्हणजे पाच कुलचिन्हांचा काळा ‘कुरोतोमेसोदे’, ज्याची नक्षी फक्त कमरेखाली असते. लग्नात वधू-वरांच्या आया हाच नेसतात. अविवाहित मुलींसाठी लांब बाह्यांचा ‘फुरिसोदे’. त्याच्या बाह्या मीटरभर आणि त्याहून लांब असू शकतात, साध्या किमोनोची बाही ४९ सेंमीच्या आसपास असते. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी, सज्ञान होण्याच्या दिवशी, रस्त्यांवर दिसतात ते फुरिसोदेच. त्याखाली शिवणींवरून अखंड नक्षी जाणारा ‘होमोंगी’, मग एकरंगी ‘इरोमुजी’, सगळीकडे सारखी बारीक नक्षी असलेला ‘कोमोन’, मग त्सुमुगी आणि शेवटी युकाता. ओबीसाठी, म्हणजे कमरेवर गुंडाळायच्या रुंद पट्ट्यासाठी, जुना नियम आहे: रंगकामाच्या किमोनोवर विणलेली ओबी, विणलेल्या किमोनोवर रंगकामाची ओबी. शंका आली की हाच नियम धरा, सहसा चुकत नाही.

ऋतूचंही बंधन आहे. ऑक्टोबर ते मे अस्तराचा ‘आवासे’, जून आणि सप्टेंबरला बिनअस्तराचा ‘हितोए’, जुलै-ऑगस्टला ‘रो’ किंवा ‘शा’सारखं जाळीदार विणीचं कापड. उन्हाळा वाढल्यापासून मे महिन्यातच हितोए नेसणारे पुष्कळ आहेत, पण औपचारिक प्रसंगी अजून कॅलेंडरच पाळलं जातं. नक्षी ऋतूच्या थोडी आधी असावी. साकुरा (चेरीची फुलं) उमलण्याआधी साकुराची नक्षी नेसतात; झाडं बहरली की ती पेटीत जाते, फुलांशी बरोबरी नको म्हणून.

मापं

स्त्रियांच्या किमोनोची खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची लांबी नेसणारीच्या उंचीइतकी असावी, ५ सेंमी इकडे-तिकडे चालतं. उंची १५८ सेंमी असेल तर १५३ ते १६३ सेंमी. अंगावर घेतल्यावर तो जमिनीवर लोळतो, आणि तसाच लोळायला हवा. जास्तीची लांबी कमरेवर दुमडली जाते. त्या घडीला ‘ओहाशोरी’ म्हणतात.

दुसरं माप ‘युकी’. मानेच्या मागच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंत, हात बाजूला ४५ अंशांत धरून मोजायचं. लांबी कमी-जास्त असेल तर नेसताना सांभाळता येते, युकी सांभाळता येत नाही. जुने किमोनो स्वस्तात मिळतात, पण शंभरेक वर्षांपूर्वीच्यांची युकी बहुधा ६० ते ६३ सेंमीच असते आणि आजच्या बऱ्याच जणींना ६६ ते ७० लागते. घेण्याआधी बाही अंगाला जोडलेली असते ती शिवण उलटून आत किती कापड शिल्लक आहे ते बघा. असेल तर बाही वाढवून मिळते, पण घडीच्या जागी रंग वेगळा पडलेला दिसू शकतो. आणखी एक खाचखळगा: कापडाच्या दुकानात शाकु हे माप ऐकलंत तर ते ३७.९ सेंमीचं ‘कुजिरा-जाकु’ असतं, सुताराचं ३०.३ सेंमीचं नव्हे.

तिसरं माप घेराचं. वरचा पदर उजव्या कमरेच्या बाजूपर्यंत पोचला पाहिजे. नितंब रुंद असतील आणि तो तिथपर्यंत पोचत नसेल, तर चालताना समोर फाकतो. असा किमोनो रंग आवडला तरी सोडून द्यावा.

सामान

युकात्यासाठी: आत घालायला सुती अंतर्वस्त्र (‘हादाजुबान’ आणि कमरेला गुंडाळायचा ‘सुसोयोके’; नसेल तर साधा सुती परकर आणि खोल गळ्याची बनियन), दोन किंवा तीन ‘कोशिहिमो’ म्हणजे दोन-सव्वादोन मीटर लांब, ४-५ सेंमी रुंद दोऱ्या, एक ‘दातेजिमे’ पट्टा, ओबीच्या आत घालायची ताठ पट्टी ‘ओबीइता’, १५ ते १७ सेंमी रुंद व साडेतीन ते चार मीटर लांब ‘हानहाबा’ ओबी, आणि लाकडी ‘गेता’ चपला. कोशिहिमो पातळ लोकरी मलमलच्या घ्या. चकचकीत सिंथेटिक दोऱ्या सरकतात. तासाभरात घसरलेल्या दहा किमोनोंपैकी बहुतेकांचं मूळ कारण तेच असतं.

दोन-तीन पातळ टॉवेलही लागतील. किमोनोला सरळ, दंडगोलासारखं अंग हवं. कमरेचा खळगा तसाच ठेवला तर ओबी त्यात दुमडते आणि दोऱ्या वर-खाली चढतात. टॉवेलची लांब घडी करून तो कमरेभोवती गुंडाळा. छाती भरलेली असेल तर उभारी देणारी ब्रा टाळा, सपाट बसणारी घाला.

नेसताना

केस आणि मेकअप आधी उरका. ओबी बांधल्यावर हात डोक्याच्या मागे नेला की गळा सुटतो.

युकाता अंगावर घ्या, दोन्ही हात बाह्यांतून काढा. गळपट्टीची दोन्ही टोकं समोर धरून सारखी करा. पाठीची मधली शिवण बरोबर मणक्यावर आली पाहिजे. इथे एक सेंमी चुकलं तर पुढे ते कुठेच दुरुस्त होत नाही.

आता लांबी. खालच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश वर दोन्ही काठ धरा, कापड थोडं पुढे ताणून वर उचला आणि हळूहळू खाली सोडा. युकात्याचा काठ घोट्याच्या हाडाशी थांबवा. रेशमी किमोनो त्याहून खाली, जवळजवळ जमिनीला टेकेल असा ठेवतात. कापड मागच्या बाजूला अंगाला चिकटलेलं असू द्या, नाहीतर मागचा काठ लोंबतो.

लांबी न सोडता आधी डावा पदर उजवीकडे आणून बघा. त्याचा काठ उजव्या कमरेच्या हाडाच्या बाजूला कुठे येतो ते लक्षात ठेवा, मग तो हळूच उघडा. आता उजवा पदर डावीकडे अंगाला लपेटा आणि त्याचं खालचं टोक १० सेंमीच्या आसपास वर उचला. त्यावर डावा पदर आणा, ठरवलेल्या जागी बसवा, त्याचं टोक ३ ते ५ सेंमी वर. टोकं अशी उचलल्यामुळे खाली घेर निमुळता होतो. न उचलल्यास किमोनो तंबूसारखा पसरतो आणि चालताना पायात येतो.

उजवा आत, डावा वर. हा क्रम इ.स. ७१९ मध्ये दरबारानं सगळ्यांसाठी लावून दिला आणि आजही तो अटळ आहे. उलटा क्रम मृतदेहाला नेसवताना वापरतात, म्हणून ही चूक कुणाच्याही नजरेतून सुटत नाही आणि बघणाऱ्याला ती खरोखर लागते. खात्री करायची असेल तर उजवा हात छातीशी गळ्यात घालून बघा; सहज आत गेला तर बरोबर. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं.

पहिली कोशिहिमो कमरेच्या हाडाच्या जरा वर बांधा. दोरीचा मध्य समोर ठेवा, मागे नेऊन फुली पाडा, घट्ट ओढा, समोर आणून मध्याच्या जरा बाजूला एका फासाची सुरगाठ मारा आणि टोकं खोचून टाका. सगळ्यात घट्ट बांधायची ती हीच दोरी. वरच्या सगळ्या गाठी सैल असल्या तरी चालेल. लोक भीतीनं ही सैल ठेवतात आणि छातीशी करकचून आवळतात. मग काठ खाली येतो आणि दम लागतो. दोरी हाडाच्या आधारानं बसली तर घट्ट असूनही दिवसभर जाणवत नाही.

काखेखाली बाजूच्या शिवणीत एक उघडी फट असते, तिला ‘मियात्सुकुची’ म्हणतात. त्या फटींतून दोन्ही हात आत घालून हाताच्या कडेनं आधी समोरचं, मग मागचं जास्तीचं कापड खाली बसवा. ओहाशोरी तयार होते. पुरुषांच्या किमोनोला ही फट नसते, कारण त्यांना ओहाशोरीच नसते.

मग गळा. पाठीची शिवण धरून मागे खाली ओढा, मानेमागे एक मूठ जाईल इतकी जागा करा. किमोनोची सगळी नजाकत या मोकळ्या मानेत आहे. मूठभरापेक्षा जास्त उघडी मान माइको (शिकाऊ गेइशा) आणि गेइशांची ओळख आहे. युकात्यावर तसं केलं तर विचित्र दिसतं. पुढे गळ्याच्या दोन्ही पट्ट्या मानेच्या खळग्याशी, तो जेमतेम झाकेल अशा जुळवा. दुसरी दोरी छातीखाली बांधा, जरा हलक्या हातानं. पाठीवरच्या सुरकुत्या दोन्ही अंगठ्यांनी बाजूच्या शिवणीकडे सरकवून खाली ओढा. वरून दातेजिमे गुंडाळा.

ओबीखाली ओहाशोरी ५ ते ८ सेंमी, म्हणजे तर्जनीएवढी दिसावी. जास्त असेल तर वरचा भाग उचलून छातीखालच्या दोरीत अडकवा. कमी असेल तर पुढच्या वेळी कोशिहिमो जरा खाली बांधा. फारच आखूड युकाता असेल तर ओहाशोरीशिवाय नेसणं हाही आज मान्य असलेला पर्याय आहे. जबरदस्तीनं दोन सेंमीची घडी काढण्यापेक्षा ते बरं दिसतं.

ओबी: बुन्को गाठ

एदो काळाच्या सुरुवातीला ओबी अरुंद होती आणि गाठ पुढे, बाजूला, मागे कुठेही असे. ती रुंद होत गेली तशी गाठ मागे स्थिरावली. हानहाबा ओबी पुढे बांधून मागे फिरवतात, त्यामुळे आरसा पुरतो.

एका टोकाचे ५० ते ६० सेंमी रुंदीत दुमडून डाव्या खांद्यावर टाका. हे ‘ते’, म्हणजे हात. उरलेली लांब बाजू म्हणजे ‘तारे’. तारे अंगाभोवती दोन फेरे घ्या. प्रत्येक फेऱ्याला ओबीची खालची कड धरून आवळा. वरची कड आवळली तर बरगड्यांना काचतं आणि खालून मात्र ओबी सैलच राहते. दुसऱ्या फेऱ्यानंतर तारे तिरकं आत दुमडून अरुंद करा. खांद्यावरचा ‘ते’ खाली आणा, तारेच्या वरून टाकून खालून वर काढा आणि गाठ घट्ट करा. गाठ उभी राहिली पाहिजे. ‘ते’ पुन्हा खांद्यावर टाका.

तारेची टोकाकडून घडी करत या, खांद्यांच्या रुंदीएवढी, ३५ ते ४० सेंमी. मध्ये चुणी घाला: मधला भाग डोंगरासारखा वर, दोन्ही कडा खाली दऱ्यांसारख्या. ‘ते’ या चुणीवरून खाली आणून एक-दोनदा घट्ट गुंडाळा आणि उरलेलं टोक ओबीच्या आत वरून खाली घालून ओढा. फुलपाखराची दोन्ही पाखं जरा खाली झुकवा.

आता श्वास घेऊन पोट आत ओढा आणि संपूर्ण ओबी उजव्या बाजूनं मागे फिरवा. उजवीकडूनच. डावीकडून फिरवली तर वरचा पदर उलटा ओढला जातो आणि मेहनतीनं जुळवलेला गळा उघडतो. शेवटी ओबीइता पहिल्या आणि दुसऱ्या फेऱ्यांच्या मध्ये सरकवा.

पहिल्या प्रयत्नाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा. ओबीचा सराव नुसत्या टी-शर्टवर करता येतो, आणि तसाच करावा. दोन्ही गोष्टी एकदम शिकायला गेलं की गाठ जमेपर्यंत खालचा किमोनो विस्कटतो.

रेशमी किमोनोला आणखी काय

आत ‘नागाजुबान’ हा दुसरा, घोट्यापर्यंतचा किमोनो येतो. अंगावरचा घाम तो पितो आणि त्याची पांढरी गळपट्टी ‘हानएरी’ बाहेर दिसते. हानएरी सुईदोऱ्यानं टाचलेली असते आणि मळली की उसवून धुतात. मानेमागच्या भागात टाके बारीक घाला, तिथे सुरकुती पडली तर लगेच दिसते. आत ‘एरीशिन’ ही ताठ पट्टी सरकवा. समोर हानएरी एक ते दोन सेंमी दिसावी, दोन्ही बाजूंना सारखी. मागून अजिबात दिसू नये. जुबानची युकी किमोनोपेक्षा एक-दीड सेंमी कमी हवी, नाहीतर बाहीतून ते डोकावतं. गळा बिघडतो तेव्हा नव्वद टक्के दोष या आतल्या थरात असतो. म्हणून वेळ जुबानवर घालवा, किमोनो नुसता त्याच्यावर टेकवायचा असतो.

ओबी नागोया प्रकारची असेल तर गाठ ‘ओताइको’, म्हणजे पाठीवरची चौकोनी पेटी. १८१७ मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) कामेइदो तेनजिन देवळातला ताइको पूल नव्यानं बांधला गेला, तेव्हा फुकागावाच्या गेइशांनी त्या कमानीच्या आकाराची ओबी बांधली आणि तिथून ही पद्धत पसरली, असं सांगतात. ‘ओबीमाकुरा’ ही छोटी उशी पाठीला घट्ट चिकटवून बसवा. तिच्या दोऱ्या समोर ओबीच्या आत खोल ढकला. उशी पाठीपासून सुटली की पेटी दुपारपर्यंत लोंबू लागते. उशीवरचं रेशमी कापड ‘ओबीआगे’ समोर ओबीच्या वरच्या काठाशी हलकंसं दिसतं. पेटीखालचं टोक तर्जनीएवढं, आणि सगळं बांधून ठेवणारी गोफाची दोरी ‘ओबीजिमे’ समोर मधोमध, खऱ्या गाठीनं बांधलेली. हा गोफ सुटला तर संपूर्ण पेटी कोसळते, म्हणून इथे सुरगाठ नको. लग्नाला लांब फुकुरो ओबीनं दुहेरी पेटी बांधतात, आनंद दुणावा म्हणून. अंत्यविधीला काळ्या ओबीची एकेरीच, दुःख पुन्हा येऊ नये म्हणून.

पायात पांढरे ‘ताबी’ मोजे आणि ‘झोरी’ चपला. टाच झोरीच्या मागे सेंटिमीटरभर बाहेर राहणं हेच बरोबर माप आहे.

पुरुषांसाठी

पुरुषांचं काम पाचपट सोपं आहे. ओहाशोरी नसल्यानं किमोनोची लांबी मात्र अचूक हवी: उंचीतून २५ ते ३० सेंमी वजा करा. मानेमागे गळा उघडा ठेवत नाहीत, तो मानेला लागून बसतो. ८ ते १० सेंमी रुंदीची ‘काकुओबी’ पोटाच्या खाली, पुढे उतरती आणि मागे जरा चढती बांधा. कमरेच्या वर बांधली की मुलासारखं दिसतं. थोडं पोट असणाऱ्याला किमोनो उलट जास्त शोभतो. सडपातळ असाल तर टॉवेल गुंडाळा. औपचारिक प्रसंगी पाच कुलचिन्हांचा काळा किमोनो, त्यावर हाओरी हे जाकीट आणि खाली हाकामा, म्हणजे घड्यांची सैल विजार. १८७२ पासून सरकारी समारंभांत पाश्चात्त्य पोशाख आला आणि पुरुषांच्या रोजच्या आयुष्यातून किमोनो स्त्रियांच्या आधी मागे पडला.

नेसून वावरताना

पावलं छोटी, बोटं किंचित आत वळलेली. जिना चढताना उजव्या हातानं वरचा पदर थोडा उचला. काही घ्यायला हात लांब केला तर दुसऱ्या हातानं बाही धरा, म्हणजे ती ताटात जात नाही आणि दंडही उघडा पडत नाही. खुर्चीत पुढच्या कडेवर बसा, टेकलात की पेटी चपटी होते. गाडीत आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. स्वच्छतागृहात एक-एक थर वेगळा उचलून मोठ्या चिमट्यानं ओबीला लावा, बाह्याही त्यातच अडकवा.

गळा सैल झाला तर ओबीखालून ओहाशोरीतला डाव्या पदराचा काठ धरून खाली ओढा. आतली उजवी पट्टी डाव्या मियात्सुकुचीतून हात घालून ओढता येते. मानेमागची जागा मिटली तर मागची ओहाशोरी खाली ओढा. काठ घसरला तर ओहाशोरीच्या आत हात घालून कापड पहिल्या कोशिहिमोच्या वर सारा. हे तीन उपाय माहीत असले की आडोसा शोधून दोन मिनिटांत सगळं सावरता येतं.

काढल्यावर

रेशमी किमोनो काढल्या काढल्या घडी घालू नका. रुंद हँगरवर सावलीत एक रात्र टांगा. घाम आणि ऊब निघून जाते. आठवडाभर मात्र टांगू नका, वजनानं अस्तर लोंबतं. घडी शिवणींवरच: गळा डावीकडे ठेवून पसरा, जवळचा पदर बाजूच्या शिवणीवर घ्या, पुढची अरुंद पट्टी तिच्या शिवणीवर उलटा, दुसऱ्या पदराची पट्टी तिच्यावर जुळवा, दोन्ही बाजूच्या शिवणी एकावर एक आणा, एक बाही वर आणि एक खाली वळवा, लांबी अर्ध्यात दुमडा. कापड सरळ असल्यामुळे सगळं एका सपाट आयतात बसतं. तो ‘तातोशी’ कागदात गुंडाळून ठेवायचा.

युकाता घरी धुता येतो. घडी घालून जाळीच्या पिशवीत, गार पाणी, सौम्य साबण. निळीचा असेल तर पहिल्या काही वेळा एकटाच धुवा. शेवटच्या पाण्यात हलकी खळ द्या आणि बाह्यांतून काठी घालून सावलीत वाळवा. रेशमाला घरी पाणी लावू नका. उंच पिळाच्या सुताचं ‘चिरिमेन’ ओलं झालं की आक्रसतं आणि अस्तराशी जुळत नाही.

जपानमध्ये वर्षातून तीनदा हवा देतात: उन्हाळ्याच्या भरात, शरदात आणि कडक थंडीत, कोरड्या दिवशी, दहा ते दोनच्या दरम्यान, सावलीत. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, बुरशीला आमंत्रण मिळेल. जूनआधी एकदा, ऑक्टोबर सरताना एकदा आणि जानेवारीत एकदा, असं ठेवा. कपाटाचा खालचा कप्पा टाळा. आणि डांबरगोळ्या व कापूर कधीही एकत्र ठेवू नका. दोन्ही मिळून पाझरतात आणि रेशमावर न निघणारे डाग पडतात. जरीच्या ओबीजवळ तर यातलं काहीच नको, जर काळवंडते.

लहान मुलांचा किमोनो हाती आला तर खांद्यावर आणि कमरेवर शिवलेल्या चुण्या दिसतील. त्या दोष नाहीत. मूल वाढेल तशा त्या उसवत जायच्या असतात. तीन आणि सात वर्षांच्या मुली आणि पाच वर्षांचे मुलगे १५ नोव्हेंबरच्या सुमारास ‘शिचि-गो-सान’ला देवळात जातात तेव्हा त्यांच्या खांद्यांवर या चुण्या असतात. उसवताना धागा कापा, ओढू नका, आणि घडीच्या रेषेवर दमट कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा.